गव्याचं सारवण

तुम्ही माझ्या बहिणीचं घर खाल्लंत.

पाडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. यंत्र दारात आलं असतं, आम्ही आडवे पडलो असतो, चार शिव्या दिल्या असत्या, चार काठ्या खाल्ल्या असत्या. सरळ भांडण झालं असतं. तुम्ही ते आतून खाल्लंत. पावसाळाभर, हळूहळू, तोंडाचा आवाज न करता. आणि शेवटी चोर म्हणून उभं केलंत ते तिलाच.

तुमचं नाव मी घेत नाही. नाव घेऊन उपयोग नाही, दर सरकारात पाटी बदलते आणि खुर्च्या त्याच राहतात. नुसतं तुम्ही म्हणतो. कुणाला म्हणतोय ते तुम्हाला बरोबर कळतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. ठकूबाई झोरे ही माझी थोरली बहीण. आक्का. लग्न होऊन ती घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यावर गेली, अभयारण्याच्या पार पोटात. दाजींचं नाव बिरू. चार म्हशी, डोंगरउतारावर थोडी नाचणी, दूध खाली गावात घालायचं, असा संसार. मी खाली बाजाराच्या गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो.

आक्काचं घर कसं होतं ते नीट ऐका, कारण सगळं त्यातच आहे. मधोमध जांभळीच्या लाकडाची जाड मेढ, घराचा मुख्य खांब. तिच्यावर आढं. चारी बाजूंनी कारवीच्या काठ्यांचा कुड, म्हणजे काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून बांधलेल्या. त्यावर आतून-बाहेरून शेणामातीचा लेप. बघणाऱ्याला वाटतं, मातीची भिंत. मातीची नसते ती. लाकडाची असते, शेणानं झाकलेली. आणि दर आठवड्याला नव्यानं सारवलं नाही तर तिला भेगा पडतात, किडे शिरतात, वारा आत येतो. शेण म्हणजे खत हे तुमच्यात. आमच्यात शेण म्हणजे आधी भिंत, मग जमीन, मग चूल, आणि यातून उरलं तर खत.

तुमचा नियम असा होता की अभयारण्यातल्या लोकांनी घर उभं आहे तोवर राहावं. पडलं की हक्क संपला. नवं बांधायचं नाही. सिमेंट वर न्यायचं नाही. मेढ बदलली तरी ते नवं बांधकाम. शाकारणी करा, सारवा, बस. म्हणजे आमच्या माणसांचा तिथं राहायचा हक्क कागदावर नव्हताच. तो त्या मेढीवर टेकलेला होता. हे तुम्हाला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं.

मग युरिया संपला. आखातात भांडणं पेटली, गॅस येईना, गॅस नाही म्हणून युरिया नाही. खालच्या ऊसपट्ट्यातली जमीन तशीही मेलेली होती, वर मीठ फुटलेलं. तेव्हा तुम्हाला गवा आठवला.

यातलं शास्त्र मला मागाहून कळलं, कुणाकडून ते येईल पुढं. गवा खातो काय? कारवी, बांबू, झाडाची साल, नुसतं लाकूडच म्हणा ना. लाकूड कडक असतं ते लिग्निन नावाच्या पदार्थामुळं. धाग्याला धागा चिकटवून ठेवणारा चिवट पदार्थ. विटांमधलं सिमेंट समजा. तो कुठल्याच जनावराला पचत नाही, जसाच्या तसा शेणातून बाहेर पडतो. उसाचं पाचट शेतात महिनोन्‌महिने कुजत नाही ते त्याच्यामुळंच. तुमच्या प्रयोगशाळेनं एक जीवाणू घडवला. तो हे सिमेंट सोडवतो. ऊब आणि ओल मिळाली की पाचटाचा काळाभोर चुरा करतो, त्या चुऱ्यावर मेलेली जमीन पुन्हा जिवंत होते. खोटं नाही सांगत, होते. मी पाहिलीय.

पण हा जीवाणू टाकीत वाढवला की काही पिढ्यांनी आपला गुण विसरायचा. गायीच्या पोटात घातला तर पेंडीवर सुस्तावून मरायचा. टिकला फक्त गव्याच्या पोटात, कारण तिथं त्याला रोज लाकूड मिळायचं. मग तुम्ही जंगलभर चाटण-विटा ठेवल्यात. मिठाच्या विटा म्हणून सांगितलंत. मीठ होतंच, त्यात हेही होतं. गवे चाटून गेले, आणि गव्याच्या शेणाच्या प्रत्येक पोमधून तुमचं औषध बाहेर पडायला लागलं. गोणीवर छापलंत, अस्सल रानखत, निसर्गाची देणगी. प्रयोगशाळेतला जीवाणू आहे म्हणाला असतात तर 'सेंद्रिय'चा शिक्का गेला असता आणि परदेशातलं गिऱ्हाईकही. म्हणून ते कुणाला सांगायचंच नाही असं ठरलं. खालच्या शेतकऱ्यालाही नाही आणि गव्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना तर नाहीच नाही.

मग दोन यंत्रं आली. एक उडतं. उबदार शेण हेरून त्यावर घिरट्या घालायचं. वाड्यावरच्या लोकांनी त्याला टिटवी नाव ठेवलं. दुसरं सहा पायांवर चालत यायचं आणि पो उचलून पोटात टाकायचं. तो खेकडा. रानातलं शेण सरकारी मालमत्ता झालं. उचलाल तर चोरी. चोरी सापडली तर राहण्याचा हक्क रद्द.

आणि म्हशी गेल्या. पाळीव जनावरांचा रोग गव्यांना लागेल म्हणून वाड्यावरच्या सगळ्या म्हशी तुम्ही खाली नेल्यात. आक्काची चंद्री ट्रकमध्ये चढेना. दाजी तिच्या कानाशी काहीतरी बोलले तेव्हा चढली. नंतर मी विचारलं, "काय सांगितलंत हो तिला?" तर म्हणाले, "म्हटलं हो म्होरं, आमीबी येतोय मागनं." हसत म्हणाले होते.

त्या वर्षी श्रावणी, माझी भाची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा पुण्याला गोदामात कामाला. खाली दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप, आणि आम्ही त्यांना वर वाड्यावर नेलं. पाऊस लागून राहिला होता. आता पाचवी आली. पाचवीला घर सारवलेलं पाहिजे. बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते, ती काय उकललेल्या भुईवर बसणार?

"शेणाबिगर पाचवी कशी पुजायची, सांग की संभा," आक्का मला म्हणाली.

"खालनं डबाभर आणू का म्हशीचं?"

"जंगलाच्या नाक्यावर सोडत्यात व्हय?" दाजी म्हणाले. "मागं शेजारच्या लांबोराच्या पोरानं आणलं हुतं. डबा वतून घेतला आनि वर पायजम्यावर औषिद मारलं त्याच्या. रोग म्हनं."

"म्हणजे रानातलं शेण खाली न्यायचं नाही आणि खालचं रानात आणायचं नाही."

"व्हय," दाजी म्हणाले. "मानसानं परसाकडं कुठं जायाचं, त्येवढं इचारून ये सायबाला. न्हाईतर खेकडा याचा मागनं."

श्रावणी बाजेवर पडल्या पडल्या हसली, टाके दुखले म्हणून कण्हली, पुन्हा हसली. आक्का हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती सरपणाला म्हणून गेली आणि पाटीत खाली गव्याचं शेण, वर ओली पानं, त्यावर काटक्या अशी घेऊन आली. टिटवी ऊब बघते, ओल्या पानांखालची ऊब तिला दिसत नाही. घर सारवून निघालं. भिंती, भुई, चुलीची वैल, बाळंतिणीची खोली तर दोनदा. कणगीसुद्धा सारवली. गव्याचं शेण भरड असतं, पिवळे धागे दिसतात त्यात. पण हात फिरला आक्काचा, त्यामुळं अर्धगोलांची ती नक्षी उठली आणि घराला घराचा वास आला.

पाचवीला मैथिली आली. ही तुमचीच. गव्यांच्या प्रकल्पावरची शास्त्रज्ञ, तिचा मुक्काम जंगलातल्या ठाण्यावर. पण जाता-येता आक्काकडं भाकरी खायची, पावसात अडकली तर तिथंच झोपायची. आक्काला मावशी म्हणायची. बाळाला झबलं घेऊन आली होती. बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि सहज मागं टेकली. पाठ भिंतीला लागली म्हणून वळून बघितलं. बोटानं एक पिवळा धागा उचकटला.

"मावशी, शेण कुठलं हो हे?"

आक्कानं दिव्यात तेल घातलं. दिव्यात तेल होतं.

"म्हशीचं. जावयानं आणलं येताना."

मैथिलीनं धागा बोटात फिरवला. गव्याचं शेण हाताळण्यात तिची पाच वर्षं गेलेली. तिला कळलं, आणि तिला कळलंय हे आम्हाला कळलं.

"जावई कामाचे आहेत मग," ती म्हणाली आणि बाळाकडं वळली.

ती गेल्यावर आक्का म्हणाली, "गुनाची हाय पोर. बोलली न्हाई बघ."

तिनं आमच्यावर उपकार केले. केस होऊ नये म्हणून गप्प बसली. आक्का खोटं बोलली ती घर वाचावं म्हणून. दोघींचा एकमेकींवर जीव होता, आणि त्या दोघींच्या न बोलण्यात तुमचा जीवाणू निवांत कामाला लागला.

त्याला लागतं काय? ओल आणि ऊब. बाहेरनं अखंड पाऊस, भिंत भिजलेली. आतनं बाळंतिणीची शेगडी दिवसभर धुमसत, तिला शेक, बाळाला शेक. तुमच्या प्रयोगशाळेत त्याला इतकी मनासारखी जागा मिळाली नसेल. आणि दर आठवड्याला आक्का त्याला नवीन भर घालत होती. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही पानांखाली पाट्या आणायला सुरुवात केली. पावसाळ्यात सारवण नाही म्हणजे भिंत जाणार, हे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या बायकांच्या हातांना माहीत आहे.

बारसं झालं. पाळणा आढ्याला टांगला. नाव ठेवलं इरा.

नंतर कधीतरी श्रावणी आईला म्हणाली, "आई, हितं भिंत मऊ लागतीया." शेगडीच्या मागचा कोपरा. आक्कानं दाबून बघितलं. अंगठा आत गेला. कारवीची काठी हाताला लागायला हवी होती, ती लागली नाही, भिजलेल्या भाकरीसारखं काहीतरी लागलं.

आक्कानं काय केलं असेल? आमच्यातली कुठलीही बाई करील तेच. भिंत मऊ पडली म्हणून तिच्यावर जाड लेप दिला. गव्याच्या शेणाचा. जिथं भोक पडलं तिथं शेणाचा बोळा कोंबला. जितकी जपली तितकी ती लवकर गेली.

मी वर गेलो तेव्हा दाजी मेढीपाशी बसले होते. मला म्हणाले, "संभा, हिकडं ये." माझं बोट धरून मेढीच्या बुडाला लावलं. जांभळीचं लाकूड, पाण्यात शंभर वर्षं टाकलं तरी कुजत नाही ते, विहिरीच्या तळाला घालतात. माझं नख त्यात लोण्यात शिरावं तसं शिरलं. बुडाला भुईचं सारवण चढलं होतं, तिथून सुरुवात झाली होती आणि ते वर आढ्याकडं चढत होतं.

"वाळवी?"

"वाळवी असती तर माती दिसली असती. ह्ये येगळं हाय कायतरी."

"मैथिलीला विचारूया. तिचं शिक्षणच त्यातलं आहे."

"इचारायचं न्हाई," आक्का आतून म्हणाली.

"अगं आक्का, घर पडेल!"

"आनि सांगितलं तर? ती म्हनंल शेन कुठलं. मग? बोलली न्हाई एकदा. दुसऱ्यांदा तिला बोलायलाच लागंल, पगार खाती ती त्येंचा. घर पडलं तरी हक्क जातोय, शेन घावलं तरी जातोय. मग पडंपातूर तरी ऱ्हातो की आमी."

"बाळ आहे घरात."

"मला दिसतंय बाळ हाय त्ये!" आक्का ओरडली. ती माझ्यावर कधी ओरडायची नाही.

मेढ बदलायची तर ते नवं बांधकाम. टिटवी रोज डोक्यावरून जात होती, कुऱ्हाडीचा आवाजही वर जायचा. दाजींनी मेढीला दोरखंड गुंडाळला, आधाराला दोन वासे लावले. वाशांची बुडं कशावर टेकली? सारवलेल्या भुईवर.

पुढच्या खेपेला मैथिली आली तर आक्कानं तिला दारात उभी केली. "बाळाला नजर लागतीया, आत नगं," म्हणाली, आणि चहा बाहेर आणून दिला. ज्या पोरीला तिनं स्वतःच्या गोधडीत झोपवलं होतं तिला. मैथिलीनं पावसात उभ्यानं चहा प्यायला. तिला वाटलं, आपण शेण ओळखलं म्हणून मावशी तुटल्या. ती यायची बंद झाली. आक्का म्हणाली, "बरंच झालं." संध्याकाळी भाकऱ्या थापताना एक जास्तीची थापली.

घर पडलं त्या सकाळी पाऊस नव्हता. हे लिहून ठेवा, कारण तुमच्या माणसानं पाऊस लिहिलाय. लख्ख ऊन होतं. मी नवी ताडपत्री घेऊन वर आलो होतो, अंगणात सोडत होतो. इरा पाळण्यात. आक्का पाळण्याची दोरी ओढत बसलेली. तिला दिसलं, पोरीच्या टाळूवर काहीतरी तपकिरी पडलंय. नाचणीच्या पिठासारखं. पुसलं, पुन्हा पडलं. आक्कानं वर बघितलं. पाळण्याची दोरी आढ्यात रुतत चालली होती, करवतीसारखी.

तिनं बाळ उचललं. नुसतं उचललं आणि चालत बाहेर आली, पळाली नाही, पळाली तर भुई हादरेल म्हणून. येता येता श्रावणीला म्हणाली, "ऊठ, भाईर चल." श्रावणी उठली. दाजी मेढीकडं गेले.

"दाजी, सोडा!" मी ओरडलो.

त्यांनी मेढीला खांदा लावला. माणसाला काय सुचतं बघा. आयुष्यभर ज्या मेढीला पाठ टेकून बसले तिला टेकू द्यायला गेले. घर धाडकन पडलं नाही. म्हैस बसते तसं बसलं. आधी पुढचे गुडघे, मग मागचे, मग एक लांब सुस्कारा. धूळसुद्धा नाही उडाली, ओला चुरा नुसता. दाजींना आम्ही हातांनी उकरून काढलं. हातांनी उकरता आलं, कारण घरात कठीण असं काही उरलंच नव्हतं. खांदा निखळला, कमरेला मार बसला. जगले.

तुमचा माणूस पंचनाम्याला आला. तरुण होता, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडादगडावरून आला.

"कधी पडलं?"

"पडलं न्हाई, बसलं," आक्का म्हणाली.

"पावसानं पडलं, असं लिहितो."

"पाऊस काय यंदाच आला व्हय? सासऱ्याच्या बापानं बांधल्यालं घर हाय ह्ये. का पडलं त्ये बघा की सायेब. हात घालून बघा. लाकूड कुठं गेलं त्यातलं?"

त्यानं हात घातला नाही. काठीला लावलेलं शेण ओळखणारं यंत्र घातलं. यंत्रानं शिट्टी वाजवली. त्याचा चेहरा बदलला, इतका वेळ कंटाळलेला होता तो ताजातवाना झाला.

"गव्याचं शेण आहे हे. भिंतीला सगळीकडं."

"हाय."

"चोरी आहे ही, माहीत आहे?"

"गव्यानं टाकल्यालं उचललं. गव्याला इचारा, त्येची तक्रार हाय का."

बाजूला उभे असलेले लोक हसले. तो नाही हसला. घर पडलं म्हणून हक्क संपला, आणि शेण सापडलं म्हणून आक्कावर केस, अशी दोन्हीकडून सोय झाली. मग त्यानं शेजारच्या घरांना काठी लावली. तिथंही शिट्टी. सगळीकडं शिट्टी. काही घरं तोवर झुकलेली होतीच. दिवाळीच्या आत धनगरवाडा रिकामा झाला.

त्यानंतर मैथिली माझ्या दुकानात आली. मी एका मोटारीची तार गुंडाळत होतो. ती उभीच राहिली.

"मामा, मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं? शेण तर ओळखलं होतंस."

"शेण ओळखलं होतं. भिंत नाही ओळखली. मला वाटलं मातीची भिंत आहे. मातीला काही होत नाही. मी त्या घरात झोपलेय हो मामा, भिंतीला टेकून जेवलेय. आत काय असतं ते कधी विचारलं नाही मी."

तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं, विटांचं, जीवाणूचं. चाचण्या काय काय केल्या तेही. पिकावर, पाण्यावर, मधमाश्यांवर, गांडुळांवर, उंदरांवर. भिंतीवर? नाही. शेण भिंतीला लावतात हे चाचण्या ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात यायला निदान एखाद्याच्या घरी भिंत सारवलेली हवी ना.

"थांबवता आलं असतं ते?" मी विचारलं.

तिनं तारेचं एक टोक बोटात फिरवलं. मग म्हणाली, "चुना."

"काय?"

"चुन्यानं मरतो तो. भिंतींना आणि मेढीच्या बुडाला चुना फासला असता तर थांबला असता. पहिल्या महिन्यात तर नक्कीच."

माझ्या दुकानासमोर चुन्याचं दुकान आहे. बाहेर गोण्या रचलेल्या असतात. ती बोलत होती तेव्हा मला त्या दिसत होत्या.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "मावशींच्या घराचा चुरा मी तपासायला लावला. संगणकानं जुना नमुना जुळवून दाखवला. तसाच चुरा आधीच्या वर्षी आलेला होता. पलीकडच्या खोऱ्यातल्या वाड्यावरची घरं, तीही अशीच बसली होती. त्यात हाच जीवाणू सापडला होता. वर कळवलं गेलं होतं. वरून शेरा आला, पावसानं कुजलं, विषय बंद."

"हे लिहून देशील?"

ती चुन्याच्या गोण्यांकडं बघत राहिली. "माझा करार आहे मामा. बाहेर बोलले तर पुन्हा कुठं काम मिळणार नाही."

"आक्काचं काय?"

तिनं पर्स उघडली, बंद केली, आणि गेली. नंतर तिची बदली झाली असं ऐकलं. मैथिली हे तिचं खरं नाव नाही. मी बदललंय. ते उपकार समजू नका, तिनं आमच्यावर केले तसे. तुम्ही तिच्या एकटीच्या गळ्यात सगळं बांधून मोकळे व्हाल, म्हणून बदललंय.

आता आक्का आणि दाजी खाली वसाहतीत आहेत. सिमेंटची खोली, पत्र्याचं छप्पर. दाजींना वाकता येत नाही. श्रावणी पोरीला घेऊन पुण्याला गेली, जाताना आईशी धड बोलली नाही. तिच्या मनात एकच बसलंय, आईनं हक्कापायी बाळाला पडत्या घरात ठेवलं. मी समजावायला गेलो तर म्हणाली, "मामा, तुमी सांगू नका. टाळूवर भुगा माझ्या पोरीच्या पडला." तिचं खोटं नाही. आक्काचंही खोटं नाही. तुम्ही मायलेकींच्या मध्येसुद्धा तो जीवाणू सोडलात.

मध्यंतरी मी केसच्या तारखेचं सांगायला गेलो, तर आक्का सिमेंटच्या भुईवर ओला हात फिरवत होती. नुसतं पाणी. अर्धगोल काढत होती. वाळले की पुन्हा. माझ्याकडं न बघता म्हणाली, "धरतच न्हाई ही भुई."

आणि वर वाड्यावर आता काय आहे ते मी जाऊन पाहिलं. आक्काच्या अंगणात, तुळशीच्या जागी, तुमची चाटण-वीट ठेवलीय. गवे येऊन चाटतात, तिथंच शेण टाकतात, खेकडा येऊन उचलतो. मधे माणूस नाही. ऊसपट्ट्यात पीक चांगलं आहे म्हणतात. असेल. असू दे. मी त्या शेतकऱ्यांचं वाईट चिंतत नाही, आणि गव्याचं तर नाहीच नाही. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

घर परत मागायला मी हे लिहीत नाही. ते तुम्ही देणार नाही. केस मागं घ्या असंही म्हणत नाही, आक्का कोर्टात उभी राहील आणि शेण उचललं असं छातीठोक सांगेल. माझा प्रश्न एकच आहे आणि तो साधा आहे.

पलीकडच्या खोऱ्यातली ती पहिली घरं बसली आणि त्यांचा चुरा तुमच्या टेबलावर आला, तेव्हा तुम्हाला कळलं होतं की नव्हतं? नव्हतं कळलं तर समोर येऊन म्हणा, आम्हाला भिंत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तेवढी लाज आम्ही तुमची राखू. आणि कळलं होतं, तर पुढच्या पावसाळ्याच्या आत चुन्याची एक गोणी आणि दोन शब्द वर का पाठवले नाहीत? ज्या घरांच्या पडण्यानं तुम्हाला जंगल रिकामं मिळणार होतं, ती घरं पडू द्यायचं कुणी ठरवलं?

कळलं होतं? हो की नाही? उत्तर द्या.